वणव्याचं शिक्षण कुठं मिळतं?

अकोल्याच्या वनविद्या महाविद्यालयातून नुकतीच बीएस्सी झालेल्या एका मुलीनं तीन प्रश्न विचारले आहेत. जंगलातली आग आणि वनव्यवस्थापन याच विषयात काम करायचं आहे, तर कोणतं प्रशिक्षण घेऊ? त्यासाठी परदेशात जावं लागेल का? आणि आग जंगलाला नेहमी वाईटच असते का, कारण पुस्तक एक सांगतं आणि गावातली म्हातारी माणसं दुसरंच सांगतात.

मी वनखात्यात तीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी मेळघाटात आणि गडचिरोलीत गेली. शेवटची काही वर्षं नव्या वनरक्षकांना आणि आरएफओंना, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, शिकवण्यात गेली. तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो सुटला नाही तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नुसती संस्थांची यादी होईल.

आग ही एकच गोष्ट नाही. मेळघाटातल्या कोरड्या पानझडी जंगलात साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह ही सगळी झाडं आगीच्या सोबतीनं वाढलेली आहेत. साल जाड असते आणि वरचं खोड जळालं तरी बुडातून पुन्हा फुटवा येतो. सागाचं किंवा तेंदूचं रोप वर्षानुवर्षं वरून जळत राहतं, पण जमिनीखाली त्याचं मूळ जाड होत जातं. लागोपाठ तीन-चार वर्षं आग आली नाही तर तेच मूळ एकदम उंच फोक वर काढतं. फोक ज्वाळेच्या उंचीपलीकडे गेला आणि सालीनं थोडी जाडी धरली की ते झाड वाचलं. आता तिथं दरवर्षी आग लागली तर काय होतं? मोठी झाडं उभी दिसतात, जंगल हिरवं दिसतं, पण मधली पिढीच नसते. आजोबा आहेत, गुडघ्याएवढी पोरं आहेत, कर्ता माणूस एकही नाही. पहिल्यांदा जंगलात गेलात की वर बघू नका, मनगटाएवढ्या जाडीची झाडं मोजा. तिथं किती वेळा आग लागते हे ती झाडं सांगतात.

हीच काडी सह्याद्रीच्या सदाहरित राईत पडली तर गोष्ट वेगळी. तिथली झाडं पातळ सालीची. सावलीत, ओलाव्यात वाढलेली, आगीची ओळखच नसलेली. तिथं एक आग सुद्धा जास्त आहे. आणि त्याच सह्याद्रीच्या माथ्यावर, कुसळी गवताच्या उतारावर, आग लागून गेली तरी पहिल्या पावसात गवत पुन्हा उभं. कुसळाची शेपटी आठवा: ओल लागली की पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा वळतो, आणि बी हळूहळू मातीत शिरतं. वरून आग गेली तरी आत गेलेलं बी शाबूत राहतं. म्हणून कुसळीला आग चालते, पण त्या गवतात अंडी घातलेल्या तितराला चालत नाही.

काळाचंही तसंच. जानेवारीच्या शेवटी, सकाळचं दव पडत असताना, पाचोळा अर्धाच गळालेला असताना लागलेली आग घोट्याएवढी चालते. एप्रिलच्या दुपारी, सगळा पाचोळा खाली आणि वारा मोकाट असताना लागलेली आग माणसाच्या डोक्यावरून जाते. जागा तीच, झाडं तीच, परिणामात जमीन-अस्मानाचा फरक.

हे आपल्या खात्याला नवं नाही. १८६० च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सन या वनाधिकाऱ्यानं आगबंदी करून दाखवली आणि सागाचं जंगल सावरू लागलं. त्या यशावर खात्याचा आगबंदीवरचा विश्वास उभा राहिला. पण १८९० च्या दशकातच ब्रह्मदेशातले काही वनाधिकारी लिहू लागले होते की ओलसर सागवनात आग पूर्ण थांबवली तर बांबू आणि इतर झाडोरा दाटतो आणि सागाचं रोप उगवतच नाही. आसाम-बंगालच्या साल जंगलांतही तोच अनुभव आला. दोन्ही बाजू आपापल्या जंगलापुरत्या खऱ्या होत्या. चूक झाली ती एका जंगलाचं उत्तर दुसऱ्या जंगलावर लावताना.

कर्नाटकातल्या बिळिगिरिरंगन टेकड्यांवरचे सोलिगा लोक पूर्वी पाचोळ्याची हलकी आग लावत. तिला ते 'तरगु बेंकी' म्हणत. १९७४ मध्ये तिथं अभयारण्य झालं आणि ती थांबली. सोलिगा सांगतात की त्यानंतर घाणेरी (लँटाना) माजली आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगुळं वाढली. संशोधकांनीही त्यांचं म्हणणं गंभीरपणे तपासायला घेतलं. आता मात्र घाणेरी इतकी दाट आहे की तिथं आग लागली तर ती 'तरगु बेंकी' राहत नाही, घाणेरीवरून चढत झाडांच्या शेंड्यापर्यंत जाते. म्हणून "पूर्वी लावत होते, आता पुन्हा लावा" इतकं सोपं उत्तरही नाही. तुमच्या गावातली म्हातारी माणसं जे सांगतात ते नीट लिहून घ्या: कोणत्या महिन्यात लावत, दिवसाच्या कोणत्या वेळी, किती वर्षांनी एकदा, गवत कापल्यावर की आधी. त्यांच्या सांगण्यात ज्ञान असतं, पण ते ज्या जंगलाबद्दल बोलतात ते जंगल आता तसंच उरलं आहे का, हे तपासणं तुमचं काम.

आता प्रशिक्षणात काय शिकायचं, याकडे येतो.

पहिलं म्हणजे आगीची चाल. बायरम नावाच्या अमेरिकी वनशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये मांडलेलं एक साधं गणित मी प्रत्येक तुकडीला जमिनीवर काडीनं लिहून दाखवायचो. एक किलो वाळका पाचोळा जळला की साधारण १८,००० किलोज्यूल उष्णता निघते. त्याला दर चौरस मीटरवरच्या पाचोळ्याच्या वजनानं गुणा, मग आगीच्या वेगानं (सेकंदाला किती मीटर) गुणा. समजा हेक्टरी ५ टन पाचोळा आहे, म्हणजे चौरस मीटरला अर्धा किलो. आग मिनिटाला २ मीटर चालते आहे. उत्तर येतं आगीच्या काठाच्या दर मीटरला सुमारे ३०० किलोवॉट, आणि ज्वाळा साधारण १ मीटरची. हिरव्या डहाळीनं झोडपून ही आग विझते. आता पाचोळा तोच ठेवा, फक्त वारा सुटला आणि आग मिनिटाला १० मीटर धावू लागली. तेच गणित १,५०० वर जातं आणि ज्वाळा २ मीटरच्या वर. आता डहाळी घेऊन समोर उभं राहणं म्हणजे जीव देणं. ज्वाळा छातीच्या, म्हणजे सव्वा मीटरच्या वर गेली की समोरून हातानं विझवायला जायचं नाही, हा नियम या आकड्यांतून येतो. जंगल तेच, पाचोळा तोच, माणसं तीच, आणि दहा मिनिटांत निर्णय उलटा करावा लागतो.

त्यात चढ धरा. दर १० अंशांच्या चढाला आगीचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. ३० अंशांच्या उतारावर खालून वर येणारी आग सपाटीच्या आठपट. तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरावर ११ मार्च २०१८ रोजी गवताच्या आगीत सापडून २० हून अधिक ट्रेकर्स गेले. तरुण, धडधाकट माणसं. आगीपुढं डोंगर चढून पळता येत नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीत चढणाऱ्या हजारो मुलांनाही ते कुणी शिकवत नाही.

मी स्वतः हे शिकलो ते नोकरीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. दुपारची आग, दरीच्या तोंडाशी. मी पोरसवदा अधिकारी, आठ माणसं घेऊन थेट आगीच्या डोक्याला, म्हणजे धावत्या पुढच्या टोकाला, भिडलो. आमच्या बीटवर, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीत, पन्नाशीतले एक कोरकू फायर वॉचर (आगीवर नजर ठेवणारे) होते. त्यांनी मला दंडाला धरून ओढलं आणि नुकत्याच जळून गेलेल्या राखेत नेऊन उभं केलं. मी चिडलो. दोन मिनिटांत वारा फिरला आणि आम्ही उभे होतो ती जागा ज्वाळेत गेली. ते एवढंच म्हणाले, "साहेब, जळलेलं पुन्हा जळत नाही." जगभरच्या प्रशिक्षणांत जो नियम शिकवतात तोच हा: एक पाय राखेत ठेवूनच काम करायचं. शेपटीकडून, म्हणजे आगीच्या मागच्या टोकाकडून, सुरुवात करायची, बगलेनं पुढं सरकायचं, डोकं शेवटी चिमटीत धरायचं. एक माणूस उंचावर नुसता बघायला ठेवायचा, त्याच्या हातात झोडपायला काही द्यायचं नाही. परतीची वाट सगळ्यांना आधी दाखवायची. अंगात सुती कपडे हवेत, नायलॉन-पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

आणि आग विझली म्हणजे संपली असं समजायचं नाही. एकदा आम्ही पाच वाजता विझवून घरी आलो. उतारावर सालईचा एक पोकळ ओंडका आतून धुमसत होता. रात्री तो जळून तुटला, गडगडत खाली गेला आणि जाळरेषेच्या (आग अडवायला आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्याच्या) पलीकडं पडला. पहाटे दुसरा कक्ष, म्हणजे जंगलाचा आखलेला दुसरा भाग, पेटला. तेव्हापासून मी काठापासून वीस पावलं आतपर्यंतचा प्रत्येक ओंडका हाताच्या मागच्या बाजूनं तपासायला लावतो. प्रशिक्षणात सगळ्यांत कंटाळवाणा वाटणारा तास हाच, आणि सगळ्यांत जास्त जंगल वाचवणाराही हाच. अलीकडं आलेली ब्लोअर मशीनं पाचोळ्याच्या आगीत फार कामाची आहेत. दोन माणसं भराभर पाचोळा उडवून रेषा मोकळी करतात. पण उंच वाळलेल्या गवतात किंवा ज्वाळेच्या अगदी जवळ तेच यंत्र चुकीच्या कोनात धरलं तर आगीला फुंकर घालतं. यंत्र चालवणं एका दिवसात येतं. कुठं बंद करायचं हे कळायला हंगाम जातो.

दुसरी गोष्ट पुस्तकात सगळ्यांत कमी आणि जंगलात सगळ्यांत जास्त लागते: आग लावणारा माणूस समजणं. आपल्याकडं जवळजवळ प्रत्येक आग माणसाच्या हातून लागते. विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. फूल पहाटे गळतं, फिकट पिवळं, आणि खाली मोहाचाच पाचोळा. त्यात ते दिसत नाही. म्हणून बाई झाडाखालचा पाचोळा पेटवते. झाडून काढायला तास-दीड तास, पेटवायला एक काडी. तिला सूर्य वर यायच्या आत दहा झाडांखालची फुलं वेचायची असतात, घरी लेकरं आहेत, रोजी बुडवून चालत नाही. एका झाडाखालची ती आग निघून गेली की आपला कक्ष जळतो. तिला पकडून गुन्हा नोंदवणं सोपं आहे. मीही सुरुवातीला केलं, आणि पुढच्या वर्षी तिथंच आग लागली, फक्त कुणी लावली ते कळेनासं झालं. मग एका वर्षी आम्ही झाडाखाली जाळ्या अंथरायला दिल्या. फुलं मातीत पडेनात, स्वच्छ राहिली, व्यापाऱ्यानं दोन पैसे जास्त दिले. त्या पट्ट्यात आगी कमी झाल्या. वणव्याचा अभ्यास करायचा असेल तर एकदा तरी पहाटे चारला मोहाखाली त्या बायकांबरोबर फुलं वेचायला बसा. तिथं जे समजेल ते वर्गात समजत नाही.

तेंदूचंही तेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटली की मेमध्ये मऊ पानं येतात. छाटणीची मजुरी वाचवायला काही जण आग लावतात, कारण आगीनंतरही कोवळी पालवी येते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदू तोडायचाच नाही असा निर्णय घेतला, कारण त्यापायी झाडं छाटली जातात आणि आग लागते. त्यांनी बांबूवर उत्पन्न उभं केलं. ज्या गावाला जंगल आपलं वाटतं ते गाव आग विझवायला आपल्याआधी पोचतं, हे मी गडचिरोलीत अनेकदा पाहिलं. कोकणात गेलात तर भाताच्या राबाची भाजणी, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा पेटवून जमीन भाजणं, बघा. शेतातली आग नेमकी कुठल्या क्षणी हातातून निसटून डोंगरावर आणि शेजाऱ्याच्या काजूच्या बागेत जाते, हे शेतकऱ्यालाच विचारा. तो खरं सांगतो, आपण वर्दीतला आवाज लावला नाही तर.

आता संस्था. खात्यात यायचं असेल तर तीन दारं आहेत. यूपीएससीतून भारतीय वनसेवा आणि मग डेहराडूनची इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमी. एमपीएससीतून सहायक वनसंरक्षक किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी. आरएफओंचं प्रशिक्षण आपल्याकडं चंद्रपूर आणि कुंडल इथल्या अकादमींत होतं. किंवा वनरक्षक, ज्यांच्यासाठी चिखलदरा, पाल, शहापूर अशा ठिकाणी प्रशिक्षण शाळा आहेत. चालण्याची तयारी आत्तापासून ठेवा. भारतीय वनसेवेसाठी चार तासांत मुलांना २५ आणि मुलींना १४ किलोमीटर चालावं लागतं. संशोधनाकडं ओढा असेल तर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत एमएस्सी करा, धोरण आणि व्यवस्थापनाकडं असेल तर भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था. या सगळ्या अभ्यासक्रमांत आग हा एक धडा असतो, पूर्ण विषय नसतो. तो विषय तुम्हालाच उभा करावा लागेल. मुदुमलाईच्या जंगलात भारतीय विज्ञान संस्थेनं १९८८ पासून ५० हेक्टरच्या तुकड्यात १ सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोडाची नोंद ठेवली आहे. त्या नोंदीवर आधारलेले लेख शोधून वाचा. आगीनंतर कोण मरतं आणि कोण परत येतं, हे आपल्या झाडांबद्दल तिथं शिकायला मिळतं.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे आगीचे इशारे मोबाईलवर मागवून घ्या, नोंदणी कुणालाही करता येते. पण त्यांच्या मर्यादा समजून घ्या. व्हीआयआयआरएस या उपग्रहीय यंत्राचा एक ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे जमिनीवर साधारण १४ हेक्टर. त्यात आग नेमकी कुठं ते पायानंच शोधायचं. उपग्रह दुपारी आणि मध्यरात्रीनंतर साधारण दीडच्या सुमाराला वरून जातो. तिनेक वाजता लागलेली आग त्याच्या पुढच्या फेरीपर्यंत बरंच जंगल खाऊन बसलेली असते. उंच झाडीखालची पाचोळ्याची छोटी आग त्याला दिसेलच असंही नाही. इशारा आला की त्याच्याशेजारी तुम्ही स्वतः काय पाहिलं ते लिहा. एका हंगामात तुम्हाला तुमच्या तालुक्याचा आगीचा नकाशा पाठ होईल.

परदेशात जावं का? जावं, पण आधी इथले दोन उन्हाळे करून. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅलाहासीला नियोजित आग लावण्याचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं माणसं एका प्रशिक्षणात अनेक आगी स्वतः लावून, सांभाळून, विझवून शिकतात. आपल्याकडं नेमकं हेच कमी पडतं. तिथं आगीवर जायच्या आधी ४५ पौंडांचं, म्हणजे सुमारे २० किलोचं ओझं पाठीवर घेऊन ३ मैल ४५ मिनिटांत चालून दाखवावं लागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगरमध्ये १९५४ पासून ठरावीक तुकडे ठरावीक वर्षांनी आणि ठरावीक ऋतूत जाळून नोंदी ठेवल्या आहेत. तिथली गवताळ, विरळ झाडीची जमीन आपल्या कोरड्या पानझडी जंगलाला अमेरिकेच्या पाइनवनापेक्षा जवळची. तिथून पद्धत आणा: हवा मोजणं, लिखित योजना, आग लावायच्या आधी थांबायच्या अटी ठरवणं. पण त्यांचं वेळापत्रक आणू नका. त्यांचा ऋतू आपला नाही, आणि त्यांच्या आगीच्या मधोमध मोहफुलं वेचणारी बाई नसते.

आपल्याकडं स्वतः आग लावून बघायची परवानगी तुम्हाला नाही, हे स्पष्ट सांगतो. भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ राखीव वनात आणि वन्यजीव कायदा १९७२ चं कलम ३० अभयारण्यात आग लावायला मनाई करतं. अभ्यासासाठी म्हणूनही नाही. पण कायद्याच्या आत राहून आग शिकायची एक जागा दरवर्षी आपल्या दारात येते: जाळरेषा.

आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधी प्रत्येक रेंजमध्ये, म्हणजे वनपरिक्षेत्रात, जाळरेषा कापून जाळायच्या असतात. डिसेंबरमध्येच जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या की जाळरेषेच्या कामावर निरीक्षक म्हणून हजर राहू द्या. ज्या बीटवर जुने फायर वॉचर आहेत ते बीट मागा. दोन्ही काठांचं गवत कापून आत टाकतात, वाळू देतात आणि संध्याकाळी दव धरायच्या वेळेला काठावरून वाऱ्याच्या विरुद्ध पेटवतात. ते पेटवणारा माणूस काडी ओढायच्या आधी काय करतो ते बघत बसा. तो सागाचं पान मुठीत चुरतो: भुगा झाला तर थांबतो, वाकलं तर पेटवतो. मूठभर धूळ सोडून वारा बघतो. एकदा वर डोंगराकडं बघतो. त्यांना "काका, आत्ता का थांबलात?" एवढंच विचारा आणि उत्तर त्याच रात्री वहीत लिहा. शेजारी त्या वेळचं तापमान, आर्द्रता, वारा आणि ज्वाळेची उंची लिहा. चाळीस संध्याकाळी झाल्या की कुठल्या पुस्तकातलं कोणतं वाक्य खरं आणि कोणतं दुसऱ्या देशाचं, हे तुम्हालाच दिसू लागेल.

घरचे "मुलीच्या जातीला हे काम कसं झेपणार" म्हणतात, असंही तुम्ही लिहिलं आहे. माझ्या शेवटच्या तुकडीत निम्म्याच्या आसपास मुली होत्या. उतारावर पाय घट्ट रोवण्यात आणि ओंडके तपासत शेवटपर्यंत थांबण्यात त्या मुलांपेक्षा कमी पडल्या नाहीत. थांबण्यात तर बऱ्याच सरस होत्या. आईवडिलांना एकदा जाळरेषेवर घेऊन जा, लांबून बघू द्या.

आणि जळलेल्या जाळरेषेच्या काठावर दोन, आगीनं न शिवलेल्या भागात दोन असे दहा बाय दहा मीटरचे चार चौकोन दोरीनं आखून ठेवा. खुंट्या लोखंडी वापरा, लाकडाच्या जळतात. पाऊस सुरू झाला की जुलैत परत जा आणि गुडघ्यावर बसून मोजा: किती फुटवे, कोणत्या झाडाचे, घाणेरी किती, रानमोडी (हेही तसंच माजणारं तण) किती, गवत कोणतं. पुढच्या जुलैत पुन्हा. दुसऱ्या वर्षीची वही घेऊन या, मग एमएस्सीचा विषय काय घ्यायचा ते आपण त्या आकड्यांवरून ठरवू.